खोक्यातला पलंग

इंग्लंडची ट्रिप म्हटली की लंडन आय, टॉवर ब्रिज, झालंच तर लॉर्ड्स. फोटो काढले, चॉकलेटं घेतली, चला परत! पण ऑफिसच्या कामाने तिकडे गेलात आणि एखादा वीकेंड मोकळा मिळाला, तर शहराबाहेर पडाच. हिरवीगार कुरणं, निवांत चरणाऱ्या मेंढ्या आणि झाडीमागे लपलेली एखादी जुनी हवेली. मला अशीच भेटली डर्बीशायरमधली कॉल्क ॲबी.

नावात ॲबी असली, तरी हा मठ नव्हे. मठ इथे होता तो कित्येक शतकांपूर्वी. आत्ताचं घर १७०१ ते १७०४ मधलं. मालक हार्पर, म्हणजे पुढचे हार्पर-क्रू. पैसा भरपूर, हौस दांडगी आणि सवय एकच... काहीही टाकायचं नाही! पेंढा भरलेले पक्षी, शिंपले, खेळणी, पुस्तकं. खोल्या सामानाने भरत गेल्या आणि एकेक करून बंद पडत गेल्या. वीज आली ती थेट १९६२ मध्ये! १९२४ मध्ये वारलेले सर व्हॉन्सी तर इतके माणूसघाणे, की घरातल्याच माणसांना म्हणे चिठ्ठ्या पाठवायचे. हसू नका हं! शेजारच्या टेबलावरच्याला मेल टाकणारे आपण, कुठल्या तोंडाने हसणार?

१९८१ मध्ये तेव्हाचे मालक वारले. वारसा कराचा बोजा एवढा, की १९८५ मध्ये घर नॅशनल ट्रस्टकडे गेलं. ट्रस्टने ते चकाचक केलं नाही. पडझड थांबवली, पण उडालेला रंग आणि फाटका वॉलपेपर तसाच ठेवला. या घराच्या सामानात सापडला एक शाही पलंग. १७३४ च्या सुमाराला लग्नात भेट आलेला असावा असं मानतात. त्याचे चिनी रेशमाचे पडदे, त्यावर भरलेले ड्रॅगन आणि पक्षी. आणि हे सगळं चक्क खोक्यात बंद! अडीचशे वर्षं ऊन लागलं नाही, म्हणून रंग कालच भरल्यासारखे ताजे. आज तो काचेआड उभा आहे. सगळे बघतात, 'वॉव' म्हणतात.

मीही म्हटलं. मग डोक्यात आलं, यावर झोपलं कोण? बहुतेक कोणीच नाही!

आपल्याकडे याला 'चांगलं-चांगलं ठेवणं' म्हणतात. माझ्या आजीची एक पैठणी होती. मोठ्या कार्याला नेसायची म्हणून कपाटात, मलमलच्या फडक्यात. कार्यं झाली, पण दरवेळी 'याहून मोठं' कार्य पुढे असायचंच. आजी गेल्यावर आईने ती उलगडली, तर घडीघडीवर विरलेली. ना ती आजीच्या अंगावर दिसली, ना कोणाला नेसता आली. खोक्यातला पलंग निदान वाचला तरी. कपाटातलं सगळंच वाचतं असं नाही, राव.

आपल्या पिढीच्या कपाटात पैठणी नसेल, पण प्लॅन्स आहेत. प्रमोशन झालं की गिटार शिकू. होम लोन फिटलं की आईबाबांना फिरवून आणू. हा प्रोजेक्ट संपू दे, मग त्या मित्राला फोन करू. सगळं कसं छान पॅक करून ठेवलंय! पण पलंगाला अडीचशे वर्षं थांबणं परवडतं. आईच्या गुडघ्यांना नाही परवडत.

कामं सोडून उंडारा, असं मी म्हणत नाही. ईएमआय मलाही आहे! फंडा एवढाच, की यातली एक गोष्ट या महिन्यात खोक्याबाहेर काढा. वापरली की थोडी मळेल, रंग उडेल. उडू दे की! उडालेल्या रंगाचं घर बघायला लोक तिकीट काढून जातात.

मग, तुमच्या खोक्यात काय आहे?