पैसा आला, पण शास्त्रज्ञ कुठे आहे?

शेतकरी बंधूंनो, 2023 च्या खरिपात ऐन शेंगा भरायच्या वेळी लातूर जिल्ह्यातले सोयाबीन मोझॅकने पिवळे पडले, ते तुम्ही विसरला नसाल. मुरुडच्या बाजारात जो तो विचारायचा, "साहेब, औषध सांगा." विषाणूवर औषध नसतं. पांढरी माशी आवरायची, अन् रोगाला दाद न देणारं वाण पेरायचं. ते वाण काढणार कोण?

केंद्राच्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनने 2024 मध्ये नव्या शास्त्रज्ञांसाठी योजना आणली. तीन वर्षांसाठी 60 लाखांपर्यंत रक्कम. विषय त्याचा, मदतनीसही त्यानेच नेमायचे. वरिष्ठांच्या मागे फिरणे नको. योजना चांगलीच आहे. पण अर्जदार कायम नोकरीत हवा, आणि आपल्या राज्यातल्या कृषी विद्यापीठांत तर जागाच वर्षानुवर्षे रिकाम्या राहतात. मग अर्ज काय रिकाम्या खुर्चीने करायचा?

शिवाय वाण शेतात यायला दहा-बारा वर्षे लागतात. तीन वर्षांत संकर होईल, पुढच्या दोन-चार पिढ्या निघतील. त्यानंतरच्या चाचण्यांचा खर्च राज्याने उचलायला हवा. आमदारसाहेब गावात आले की खताच्या पोत्याबरोबर परभणीच्या विद्यापीठातल्या रिकाम्या जागांचंही विचारा.