माडीवरचें कुलूप

नंदुरबारसारख्या गांवांत परवडेल अशी भाड्याची जागा मिळणें किती दुर्घट आहे, हें तेथें बदलून आलेल्या एखाद्या शिक्षकास विचारावें. 1998 सालीं 1 जुलैस धुळें जिल्ह्याचें विभाजन होऊन नंदुरबार हें नव्या जिल्ह्याचें ठाणें झालें. कचेऱ्या आल्या, त्यांच्यामागून कारकून, परिचारिका, शिक्षक आले. अक्कलकुवा, धडगांव, तळोदें या बाजूचीं मुलें शिक्षणासाठीं राहूं लागलीं. 2011 च्या जनगणनेंत शहराची वस्ती 1 लाख 11 हजारांवर गेलेली आढळली.

मग या मंडळींसाठीं खोल्या नाहींतच काय? आहेत, आपल्याच घरांत आहेत. थोरला पुण्यास, धाकटा परदेशीं, आणि माडीवरच्या दोन खोल्यांस कुलूप, अशीं घरें आमच्या वाचकांत थोडीं नाहींत. त्याच जनगणनेंत देशांतील शहरांमध्यें सुमारें 1 कोटी 10 लाख घरें रिकामीं असल्याचें दिसून आलें. कुलुपें दोन भीतींमुळें लागलेलीं असतात.

पहिली भीति अशी कीं, एकदां शिरलेला भाडेकरू निघत नाहीं. ती अगदींच निराधार नव्हती. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याखालीं जुनीं भाडीं गोठून राहिलीं, आणि कित्येक मालकांचे हात पोळले. परंतु 31 मार्च 2000 पासून महाराष्ट्रांत 1999 चा कायदा लागू झाला. लोक ज्यास 'लीव्ह अँड लायसन्स' म्हणतात, त्या कराराची मुदत संपली कीं राहणाऱ्यानें घर सोडलें पाहिजे. न सोडल्यास ठरल्या रकमेच्या दुप्पट भरपाई द्यावी लागते. मात्र करार लेखी व्हावा आणि त्याची नोंदणी व्हावी, ही जबाबदारी मालकाची आहे. ती टाळल्यास अटींविषयीं तंटा उपस्थित झाला असतां राहणाऱ्याचेंच म्हणणें प्रथम खरें धरलें जातें. दस्ताचा खर्च वाचविणारा मालक आपलेंच संरक्षण गमावतो.

दुसरी भीति कोणी बोलून दाखवीत नाहीं. आमच्या परिचयाचे एक तरुण आदिवासी शिक्षक पांच घरीं हिंडले. खोली पसंत पडे, भाडें ठरे, आणि मग यजमान आडनांव विचारीत. तें ऐकतांच यजमानांस आठवण होई कीं, आपले भाचे राहावयास यावयाचे आहेत. पांचहि घरीं भाचेच यावयाचे होते! शेवटीं ते शिक्षक रोज दीड तास एस्. टी. नें येऊं-जाऊं लागले. त्या पांचांपैकीं एक घर आमच्या आप्तांचें होतें. म्हणून हें लिहितांना आमची मान खालीं आहे.

ज्या जिल्ह्यांत 2011 सालीं शंभरांतले 69 लोक आदिवासी होते, तेथील ही गोष्ट. 1917 सालीं डॉ. आंबेडकर बडोदें संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले, तेव्हां त्यांसहि राहावयास जागा मिळेना. नांव लपवून ते एका पारशी विश्रामगृहांत राहिले. अकराव्या दिवशीं काठ्या घेतलेल्या जमावानें त्यांस तेथून बाहेर काढलें, आणि ओळखीच्या दोघांनींहि आसरा देण्याचें टाळलें. बागेंत बसून त्यांनीं रात्रीच्या गाडीची वाट पाहिली. परदेशीं मिळविलेली विद्या पदरीं होती, दरबारची नेमणूकहि होती. नव्हती ती फक्त एक खोली.

वडील मंडळींचें सोंवळें सांभाळावयाचें असतें, हें आम्हांस ठाऊक आहे. पाण्याची वेळ, जिन्याचा दरवाजा, स्वयंपाकाची सोय यांविषयींच्या अटी मालकानें आधींच स्पष्ट सांगाव्या आणि करारांत लिहाव्या. ज्यास त्या मान्य होतील तो राहील. परंतु अट ही वर्तनाची असते, जन्माची नव्हे.

जूनमध्यें शाळा उघडतात. त्यापूर्वीं घरांतील सर्वांनीं एकदां माडीवर जावें, कुलूप काढावें, खिडक्या उघडाव्या. भाडें किती घ्यावें याचा विचार करतांना, आपला मुलगा परगांवीं नोकरीस लागला तेव्हां त्याच्या पहिल्या पगारांतून किती देऊं शकला असता, तें आठवावें. आणि कोणी जागा विचारावयास आला, तर आडनांवाच्या आधीं त्यास पाणी विचारावें.