घरचा हिशेब : कागदावरचे किलोमीटर आणि रस्त्यावरचे

पेडणे महालातील एका वाचकबंधूंचे पत्र गेल्या पंधरवड्यापासून आमच्या मेजावर आहे. त्यांचे थोरले चिरंजीव आज दुसऱ्याची मोटार चालवितात. मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून ५ जानेवारी २०२३ रोजी प्रवासी विमानांची ये-जा सुरू झाली, तेव्हापासून आपली स्वतःची भाड्याची गाडी असावी, असे त्या मुलाच्या मनाने घेतले आहे. त्याने पसंत केलेली गाडी पेट्रोल आणि वीज या दोन्ही बळांवर चालणारी, म्हणजे ज्यांना आता सर्वत्र ‘हायब्रिड’ म्हणतात त्यांपैकी आहे. साध्या पेट्रोल गाडीहून तिला दोन लाख रुपये अधिक पडतात. ती रक्कम उभी करण्यासाठी मुलाच्या आईचे सोने गहाण ठेवावे लागणार आहे. “पत्रकात लिटरमागे २७.९७ किलोमीटर असे छापले आहे. मुलगा म्हणतो, दोन वर्षांत सोने सोडवून आणीन. या आकड्यावर विश्वास ठेवावा काय?” असा त्यांचा सरळ प्रश्न आहे.

प्रश्न एका घरच्या सोन्याचा आहे, म्हणून उत्तर देण्यास आम्ही घाई केली नाही. मधल्या काळात एका स्नेह्यांच्या अशाच गाडीतून आम्ही पणजीहून पेडणे आणि डिचोली या दोन्ही दिशांना जाऊन आलो. जे समजले ते आज सर्वच वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम त्या आकड्याविषयी. तो आकडा खोटा नाही. आपल्या देशात विकावयाच्या मोटारींची इंधनाची परीक्षा ठरलेल्या नियमांनी होते. अशी परीक्षा घेणाऱ्या संस्थांत पुण्याची ‘ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया’ ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था सर्वांत परिचित. म्हणूनच लोक या आकड्याला ‘एआरएआयचे मायलेज’ म्हणतात. परीक्षेच्या वेळी गाडी रस्त्यावर धावत नाही. तिची चाके रुळांवर फिरतात आणि गाडी जागच्या जागी राहते. सुमारे वीस मिनिटांत साडेदहा-अकरा किलोमीटरचे अंतर तोडले जाते. वेग हळूहळू वाढतो, हळूहळू उतरतो, मध्ये गाडी थांबते, आणि कधीही तो ताशी ९० किलोमीटरच्या पुढे जात नाही. वातानुकूलन यंत्र, म्हणजे आपला एसी, बंद असतो. पाऊस नसतो, चढ नसतो, टपावर पाहुण्यांच्या बॅगा नसतात. सर्व गाड्यांना एकाच मापाने मोजावे, हा या परीक्षेचा हेतू असून तो योग्यच आहे. मात्र ते माप म्हणजे आपला रस्ता नव्हे.

या मापाने २०२२ साली आलेल्या मारुती सुझुकी ग्रँड व्हिटारा आणि टोयोटा हायरायडर या जुळ्या गाड्यांच्या हायब्रिड प्रकारास २७.९७, तर त्याच वर्षीच्या होंडा सिटीच्या हायब्रिड प्रकारास २६.५ किलोमीटर असे आकडे मिळाले. प्रत्यक्ष वापरणाऱ्यांकडून आमच्या कानावर येतात ते आकडे बहुधा १८ ते २४ यांच्या दरम्यानचे असतात. एवढा फरक का पडावा, हे समजण्यासाठी या यंत्राचे मर्म पाहिले पाहिजे.

आपल्या घरातील वृद्ध माता रात्री चुलीतील निखारे राखेखाली झाकून ठेवीत आणि सकाळी त्यांवरच नवा जाळ करीत. हायब्रिड गाडी तेच करते. साध्या गाडीत ब्रेक दाबला की धावण्याचे सारे बळ उष्णता होऊन वाया जाते. हायब्रिड गाडीत तेच बळ वीज होऊन बॅटरीत साठते आणि गाडी पुन्हा निघताना उपयोगी पडते. गाडी थांबली अथवा हळू चालली की इंजिन आपोआप बंद होते. ही युक्ती टोयोटा कंपनीने १९९७ सालच्या डिसेंबरात जपानमध्ये ‘प्रियस’ या गाडीत घालून प्रथमच मोठ्या प्रमाणावर विक्रीस आणली. ‘प्रियस’ हा लॅटिन शब्द असून त्याचा अर्थ ‘अगोदर’.

परंतु निखाऱ्यांवर सारा स्वयंपाक होत नाही, हेही ध्यानात असावे. अशा गाडीला बाहेरून वीज भरता येत नाही. तिची सारी शक्ती शेवटी पेट्रोलमधूनच येते. वर सांगितलेल्या जुळ्या गाड्यांची बॅटरी अवघ्या पाऊण युनिटाची आहे. हे युनिट म्हणजे आपल्या विजेच्या बिलातलेच. उलट एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे ९ युनिटे उष्णता निघते. ठेवा इतका लहान असल्यामुळे तो पुनःपुन्हा भरला आणि पुनःपुन्हा खर्चला, तरच लाभ होतो. म्हणून जेथे ब्रेक वारंवार दाबावा लागतो तेथे ही गाडी बचत करते, आणि जेथे ब्रेक लागतच नाही तेथे तिची युक्ती बरीचशी निकामी ठरते.

आता आपल्या रस्त्यांकडे पाहू. पणजीत दिवजा सर्कलपासून अठरा जून रस्त्यापर्यंत गर्दीत आमची गाडी मुंगीच्या पावलांनी सरकत होती आणि बराच वेळ इंजिनाचा आवाजही नव्हता. साध्या गाडीचे पेट्रोल जेथे सर्वाधिक वाया जाते, तेथेच ही गाडी सर्वाधिक वाचविते. पर्वरीच्या कोंडीतही तोच अनुभव आला. पुढे म्हापसा मागे टाकून कोलवाळचा पूल ओलांडला आणि धारगळच्या मोकळ्या महामार्गाला लागलो, तसे इंजिन सुरू झाले आणि बहुतेक काळ सुरूच राहिले. मोकळ्या रस्त्यावर खरा वैरी वारा असतो. ताशी ८० चा वेग १०० केला तर वाऱ्याचा विरोध दीडपटीहून अधिक होतो, आणि त्यावर बॅटरीपाशी इलाज नाही. विमान चुकू नये म्हणून भरधाव निघालेल्या पाहुण्याला मोपास पोहोचविताना नेमके हेच घडणार आहे.

डिचोलीच्या बाजूचा अनुभव निराळा. साखळीहून केरीमार्गे चोर्ला घाट चढताना इंजिन व वीज दोन्ही राबतात आणि पेट्रोल भराभर खाली जाते. उतरताना ते सारे परत मिळेल, अशी पुष्कळांची समजूत असते. साधे गणित करून पाहू. माणसांसह चौदाशे किलो वजनाची गाडी २०० मीटर खाली आली की बॅटरी पूर्ण भरण्याइतकी शक्ती मोकळी होते. तिच्यातील काही भाग चाकांच्या आणि वाऱ्याच्या विरोधात जातो, हे खरे. तरी लांब घाटात बॅटरी वाटेतच भरून जाते, आणि उरलेल्या उताराचे दान घेण्यास तिच्यात जागाच नसते.

परतताना आम्ही नार्वे येथून फेरीबोटीने दिवाडी बेटावर आलो आणि तेथून दुसऱ्या फेरीने जुन्या गोव्यास. फेरीच्या रांगेत उन्हामुळे एसी चालू ठेवला होता. गाडी जागेवर उभी, तरी बॅटरी उतरली की इंजिन आपणहून सुरू होई आणि भरली की बंद पडे. पेट्रोल जळत होते आणि किलोमीटर शून्य! आमच्या दमट हवेत एसी उन्हाळ्यात थंडाव्यासाठी आणि पावसाळ्यात काचेवरचे धुके घालविण्यासाठी, असा जवळजवळ बारमाही लागतो. पुण्याच्या परीक्षेत हा खर्च धरलेलाच नाही. शिवाय मिस्साला जाण्यायेण्यापुरत्या एक-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत गार इंजिन तापविण्यातच पेट्रोल जाते. पेट्रोलही पूर्वीचे राहिलेले नाही. २०२५ सालापर्यंत देशभर त्यात २० टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच शक्ती असते, त्यामुळे त्याच लिटरात गाडी थोडी कमी धावते. हा तोटा मात्र साध्या गाडीलाही तितकाच लागू आहे.

आता पत्रलेखकांच्या चिरंजीवांचा हिशेब तपासू. त्यांची सध्याची गाडी रस्त्यावर लिटरला १५ किलोमीटर देते, आणि वर्षाला सुमारे ४०,००० किलोमीटर धावणे होते. पेट्रोल सोयीसाठी १०० रुपये लिटर धरू. पंधराच्या हिशेबाने २,६६७ लिटर लागतात, तर २७.९७ च्या हिशेबाने १,४३०. म्हणजे वर्षाला १,२३,७०० रुपयांची बचत, आणि व्याज भरूनही दोन वर्षांच्या आत सोने घरी! मुलाचे गणित बिनचूक आहे; चूक मांडणीत आहे. त्याने जुन्या गाडीचा रस्त्यावरचा आकडा घेतला आणि नव्या गाडीचा कागदावरचा. कागदाची तुलना कागदाशी व्हावी आणि रस्त्याची रस्त्याशी.

महामार्गावरील धावणे जास्त असल्याने हायब्रिड गाडी त्याला लिटरला २० किलोमीटर देईल, असे आपण सावधपणे धरू. तेव्हा २,००० लिटर लागतील आणि बचत ६६,७०० रुपयांची होईल. गहाणाच्या दोन लाखांवर ९ टक्के व्याज धरल्यास पहिल्या वर्षीचे १८,००० रुपये त्यातूनच जातात. वाचलेला प्रत्येक पैसा कर्जात भरला तरी सोने सुटण्यास साडेतीन ते पावणेचार वर्षे लागतील. तोवर गाडी दीड लाख किलोमीटरच्या आसपास धावलेली असेल. अशा काही गाड्यांच्या बॅटरीस ८ वर्षे अथवा १,६०,००० किलोमीटर, यांत जे आधी येईल तोवर हमी असते. म्हणजे सोने सुटते न सुटते तोच हमीही संपत येते! ती हमी भाड्याच्या गाडीस लागू आहे काय, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.

डिचोलीच्या एका शिक्षिका भगिनींनीही मागे याच स्वरूपाची पृच्छा केली होती. त्यांचे धावणे वर्षाला १०,००० किलोमीटर. हाच हिशेब लावला तर त्यांची बचत सुमारे १६,७०० रुपये, आणि दोन लाखांचे व्याज १८,०००. बचतीतून व्याजही सुटत नाही. गाडी शांत चालते, धूर कमी सोडते, या कारणांसाठी त्यांनी ती अवश्य घ्यावी; पैसे वाचतील म्हणून कर्ज काढून घेऊ नये.

खरेदीपूर्वी आणखी एक गोष्ट पाहावी. ‘हायब्रिड’ हा शब्द दोन निराळ्या वस्तूंवर लिहिलेला आढळतो. काही गाड्यांत लहानशी वीजमोटर इंजिनाला केवळ हातभार लावते. तिच्या बळावर गाडी चालत नाही. त्याच ग्रँड व्हिटाराच्या अशा सौम्य प्रकारास, आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडीत, २०.५८ असा कागदावरचा आकडा होता. तेव्हा “इंजिन बंद असताना ही गाडी चालते काय?” एवढे एक वाक्य दुकानात विचारावे.

आपल्या गाडीचा खरा आकडा काढणे कठीण नाही. पंपाची नळी आपोआप थांबेपर्यंत टाकी भरावी आणि किलोमीटरची नोंद करावी. पुढच्या खेपेस त्याच पंपावर तशीच टाकी भरून किती लिटर लागले ते लिहावे. समोरच्या पडद्यावरील सरासरीवर विसंबू नये. अशा चार-पाच टाक्यांचे सारे किलोमीटर एकत्र करून साऱ्या लिटरांनी भागावे. सरासरींची सरासरी काढू नये. जाताना १५० किलोमीटर २५ च्या हिशेबाने आणि येताना तितकेच १५ च्या हिशेबाने झाले, तर उत्तर २० नव्हे. १६ लिटरांत ३०० किलोमीटर, म्हणजे पावणेएकोणीस.

पेडण्याच्या आमच्या बंधूंना आम्ही एवढेच सुचवितो की, सोने आणखी एक महिना पेटीतच राहू द्यावे. त्या महिन्यात चिरंजीवांनी सध्याच्या गाडीची वही ठेवावी : किती किलोमीटर, किती लिटर, त्यांतील महामार्गाचे किती आणि पणजी-म्हापशाच्या गर्दीतले किती. मग नवी गाडी विक्रेत्याकडून दिवसभरासाठी मागून घ्यावी, एसी लावून, चार माणसे बसवून, आपल्याच रस्त्यावर चालवावी आणि सकाळ-संध्याकाळ टाकी भरून मोजावी. सीएनजीवरील गाडीचाही हिशेब त्याच वहीत शेजारी मांडावा. गर्दीतले धावणे अधिक निघाले तर हायब्रिड गाडी आम्ही धरल्याहून चांगली ठरेल, आणि तसे झाल्यास आम्हांस आनंदच होईल. मग पत्रक बाजूला ठेवून आईने, वडिलांनी व मुलाने ती वही पुढ्यात घेऊन बसावे आणि निर्णय करावा.

वहीतील आकडे त्यांनी आम्हांस अवश्य कळवावेत. ते याच सदरात, नाव न देता, आम्ही छापू. आपल्या रस्त्यांचा खरा आकडा इतर घरांनाही उपयोगी पडेल.