शब्दविचार : भांडणांतला 'दुसरा'

गोंगाटाच्या झटापटीला इंग्रजींत 'फ्रॅका' म्हणतात. शब्द फ्रेंच, मूळ इटालियन धातु 'फोडतोड करणें' या अर्थाचा. तोंडी भांडण तें 'आल्टर्केशन'. त्याच्या पोटांत लॅटिन 'आल्टर', म्हणजे 'दोहोंपैकीं दुसरा', हा शब्द आहे. त्यांतील 'टर' व आपल्या 'अन्यतर' मधील 'तर' हे सगोत्र प्रत्यय होत.

अध्यापनकाळीं एकदां एका मुलाच्या क्षुल्लक चुकीवर संतापून मीं त्याची पाटी आपटली; ती फुटली. तो मुकाट्यानें तुकडे वेंचूं लागला. फोडतोड झाली, भांडण झालें नाहीं. कारण मला 'दुसरा' मिळालाच नाहीं. पुढें मीं त्याला नवी पाटी आणून दिली. क्षमा मागावयाची मात्र राहिली, ती रुखरुख अद्यापि आहे. वाचकांनीं घरच्या मुलांपाशीं तरी ती बाकी ठेवूं नये.