टेहळणीचे मोल

सांगली जिल्ह्यातील बाणूरगडावर शिवछत्रपतींचे हेरप्रमुख बहिर्जी नाईक यांची समाधी आहे. शत्रूची बातमी काढण्यासाठी तेव्हा माणसालाच जीव धोक्यात घालावा लागे. 1999 साली कारगिलमध्येही तेच घडले. टेहळणीस गेलेले सौरभ कालिया व त्यांचे पाच सैनिक जिवंत परतले नाहीत. आज जवानाने पाठीवरून नेलेले छोटे ड्रोन डोंगरापलीकडील हालचाल तत्क्षणी दाखविते. जानेवारी 2021 मध्ये लष्कराने मुंबईच्या आयडियाफोर्जशी अशा ड्रोनसाठी सुमारे 2 कोटी डॉलरचा करार केला. हा खर्च कोणास अवाजवी वाटेल. परंतु पहिल्या महायुद्धात 46 जवान गमावलेल्या साताऱ्याच्या अपशिंगे गावास विचारावे: यंत्राची भरपाई अंदाजपत्रकात होते, माणसाची कोठे होते? म्हणून प्रत्येक तुकडीस हा डोळा मिळालाच पाहिजे. आणि त्याचे सुटे भागही स्वदेशीच हवेत. उसन्या डोळ्यांवर पहारा सोपविता येत नाही.