मुलांचं आधी ऐकू या



२६ जून हा अमली पदार्थ विरोधी दिन. आपल्या शाळांत त्यानिमित्त शपथ, घोषणा, प्रभातफेरी होते. व्हायलाच पाहिजे. पण माझं मत असं, की मुलांना सांगण्यापेक्षा त्यांचं ऐकण्यात आपण कमी पडतो. हे पटवायला एका जुन्या जपानी सिनेमाचं उदाहरण देतो.

अकिरा कुरोसावा यांचा ‘हाय अँड लो’ हा १९६३ चा कृष्णधवल चित्रपट. एका बूट कंपनीतल्या बड्या अधिकाऱ्याचा मुलगा समजून गुन्हेगार त्याच्या ड्रायव्हरच्या मुलाला पळवतो. खंडणी दिल्यावर मुलगा सुटतो आणि खरा तपास सुरू होतो. गुन्हेगाराचे साथीदार हेरॉईनचे व्यसनी. त्यामुळे तपास करता करता पोलीस योकोहामातल्या अमली पदार्थांच्या गल्लीपर्यंत जातात.

यात मारामारी फारशी नाही. पोलीस टेलिफोनच्या ध्वनिफितीतला ट्रामचा आवाज ओळखून घेतात, दारोदार चौकशी करतात. आणि त्या लहान मुलाने काढलेलं चित्रसुद्धा पुरावा म्हणून बघतात! त्याला कुठे ठेवलं होतं, तिथून काय दिसत होतं, हे त्या चित्रावरून शोधतात. बाप घायकुतीला येऊन पोराच्या मागे लागतो. पोलीस मात्र त्याला सांगायला वेळ देतात. आपल्यासाठी धडा इथेच आहे. (सिनेमा मोठ्यांनीच बघावा, मुलांना दाखवू नये.)

हे फक्त जपानचं नाही. २०२३ मध्ये मुंबईच्या साकीनाका पोलिसांचा तपास अवघ्या १० ग्रॅम एमडीपासून, म्हणजे मेफेड्रोनपासून, सुरू झाला. एकेक दुवा जोडत ते ऑक्टोबरमध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावातल्या कारखान्यापर्यंत पोहोचले. एकूण सुमारे १५० किलो माल जप्त झाला, किंमत अंदाजे ३०० कोटी. लहान पुडी कोणी दुर्लक्षित केली असती तर?

आता म्हणाल, सिहोऱ्यात कुठे आलं एमडी? बरोबर. पण आपल्या विदर्भात खर्रा आहे ना! सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून खिशात. घरातल्या मोठ्या माणसासाठी खर्रा आणायला आपण लेकरालाच पानठेल्यावर धाडतो आणि दुसऱ्या दिवशी वर्गात तंबाखूचे दुष्परिणाम शिकवतो. लेकरू कोणाचं खरं मानेल? २००३ च्या कायद्याने १८ वर्षांखालच्यांना तंबाखू विकणं आणि शाळेपासून १०० यार्डांच्या आत तो विकणं, दोन्हीला बंदी आहे.

म्हणून माझी विनंती. मुलाच्या खिशात पुडी सापडली तर पहिली थापड मारू नका. “कोणी दिली? पैसे कोणी दिले? आणखी कोण खातं?” हे शांतपणे विचारा. मार बसला की तोंड बंद होतं, आणि मग देणारा मोकळा राहतो. लहान वर्गांत ‘शाळेच्या वाटेवर काय काय दिसतं’ असं चित्र काढायला द्या. पानठेला किती चित्रांत येतो ते पाहा. मुलाने सांगितलेलं नाव मात्र चारचौघांत फोडू नका. नाही तर पुढच्या वेळी ते काहीच सांगणार नाही.

व्यसन सोडवायला मदत हवी असेल तर १४४४६ हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. अमली पदार्थांच्या विक्रीची माहिती १९३३ वर देता येते. दोन्ही क्रमांक वर्गाच्या फळ्याशेजारी लिहून ठेवा. आणि आजपासून खर्रा आणायला लेकराला पाठवणं बंद करा, एवढं तर आपल्या हातात आहे.