ऑर्वेलवर खटला चालवायचाच, तर नीट चालवा

जॉर्ज ऑर्वेलच्या 'होमेज टू कॅटलोनिया'वर ते आलं तेव्हापासून एक आक्षेप घेतला जातो. स्पेनची यादवी जवळपास तीन वर्षं चालली, देशभर चालली. हा गृहस्थ तिथे होता जेमतेम सहा महिने, तेही अरागॉनच्या एका थंड पडलेल्या आघाडीवर आणि बार्सिलोनात. माद्रिद त्याने पाहिलंसुद्धा नाही. तरी इंग्रजी वाचणाऱ्या कितीतरी लोकांना ही यादवी ठाऊक आहे ती त्याच्याच पुस्तकातून. पॉल प्रेस्टन यांच्यासारख्या, स्पेनच्या इतिहासात हयात घालवलेल्या अभ्यासकाला याचा वैताग यावा यात नवल नाही. पण हा वैताग निघायला हवा तो एक पुस्तक वाचून युद्ध समजलं म्हणणाऱ्यांवर. मी एका बाजूचा माणूस आहे, एकाच कोपऱ्यातून पाहिलं आहे, माझ्यापासून सांभाळून राहा, असं लेखकाने पुस्तकातच बजावलेलं आहे. याहून जास्त त्याने काय करायला हवं होतं?

दुसरा आरोप अधिक गंभीर आहे. ऑर्वेल म्हणे मुळातच ट्रॉट्स्कीवादी होता, 'पोउम' या छोट्या मार्क्सवादी पक्षाच्या मिलिशियात ठरवून गेला आणि मग त्यांची वकिली केली. इथे मात्र आक्षेपकांनी पुस्तक उघडून पाहण्याचीही तसदी घेतलेली दिसत नाही. तो पोउममध्ये पोचला तो इंग्लंडमधल्या इंडिपेंडंट लेबर पार्टीच्या ओळखपत्रामुळे. एप्रिल १९३७च्या अखेरीस रजेवर बार्सिलोनाला आला, तेव्हा पोउम सोडून कम्युनिस्टांच्या हातातल्या आंतरराष्ट्रीय ब्रिगेडमध्ये शिरायची त्याची खटपट चालू होती, कारण खरी लढाई माद्रिदला होती. 'आधी युद्ध जिंका, क्रांतीचं मागाहून बघू' ही कम्युनिस्टांची भूमिका तोवर त्याला पोउमच्या भूमिकेपेक्षा शहाणपणाची वाटत होती. त्याचं मत फिरलं ते मे महिन्यात, डोळ्यांदेखत जे घडलं त्यामुळे.

३ मे रोजी सरकारी पोलिसांनी अराजकवाद्यांच्या ताब्यातल्या टेलिफोन एक्स्चेंजवर छापा घातला आणि शहरात रस्त्यारस्त्यांवर अडथळे उभे राहिले. ऑर्वेलने ते दिवस काढले पोलिओरामा चित्रपटगृहाच्या गच्चीवर. समोर पोउमचं कार्यालय, त्याला लागून 'कॅफे मोका', आणि त्या कॅफेत अडकून पडलेले सशस्त्र पोलीस. त्यांनी गोळी झाडल्याशिवाय आपणही झाडायची नाही, असं दोन्हीकडून ठरलेलं. उपाशीपोटी, पुस्तक वाचत, वैतागत बसलेला हा माणूस फ्रँकोसाठी कट शिजवतोय असं मानायला बरीच कल्पनाशक्ती लागते. कम्युनिस्टांच्या वर्तमानपत्रांकडे ती भरपूर होती. हे सगळं फॅसिस्टांच्या इशाऱ्यावरून पोउमने घडवलं, असं त्यांनी छापलं.

त्या प्रकरणात त्याची एक चूक झाली आहे, ती झाकायचं कारण नाही. 'सिव्हिल गार्ड' म्हणून त्याने ज्यांचा उल्लेख केला ते प्रत्यक्षात 'असॉल्ट गार्ड' होते. गणवेशामुळे तो फसला. दुरुस्तीची नोंद त्याने स्वतःच करून ठेवली. याच मोजपट्टीने आता त्याच्या विरोधकांची साक्ष तपासू. १६ जूनला पोउमचा नेता आंद्रेऊ नीन याला अटक झाली आणि तो नाहीसा झाला. नीन कुठे आहे, असं भिंतींवर लिहिलं जाई आणि खाली उत्तर येई, सालामांकात किंवा बर्लिनला. म्हणजे फ्रँकोकडे नाहीतर हिटलरकडे. ऑर्वेलने लिहिलं, त्याला कैदेतच मारल्याची बोलवा आहे. सोव्हिएत दप्तरं उघडल्यावर निष्पन्न झालं की त्याला स्टालिनच्या हस्तकांनीच मारलं होतं. ऑर्वेलच्या घशातून २० मे रोजी आरपार गोळी गेली होती. त्या अवस्थेत तो आणि त्याची बायको पोलिसांना चुकवत जूनच्या अखेरीस फ्रान्सला निसटले. पाठलागाचं त्याने रंगवून सांगितलं असं ज्यांना वाटतं, त्यांनी १३ जुलै १९३७चा एक कागद वाचावा. हेरगिरीच्या न्यायालयासाठी तयार केलेल्या त्या अहवालात दोघांना कट्टर ट्रॉट्स्कीवादी ठरवलं आहे. तो माद्रिदच्या अभिलेखागारात सापडला, ऑर्वेल गेल्यावर कितीतरी वर्षांनी.

उरला फ्रँकोशी लढणाऱ्या प्रजासत्ताकाचं नुकसान केल्याचा ठपका. त्याचे प्रकाशक गोलान्झ यांनी पुस्तक लिहून होण्याआधीच नाकारलं. एप्रिल १९३८मध्ये दुसऱ्या प्रकाशकाने काढलेल्या दीड हजार प्रती लेखकाच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९५०पर्यंत, संपल्या नव्हत्या. एवढ्याने एक सरकार कोसळलं म्हणायचं?

आता मंडन करताना भक्तांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. क्रांती दडपली म्हणून युद्ध हरलं, हा पुस्तकातून निघणारा सूर टिकत नाही. फ्रँकोला हिटलर-मुसोलिनींची विमानं आणि तोफा मिळाल्या. ब्रिटन-फ्रान्सने हस्तक्षेपबंदीच्या नावाखाली प्रजासत्ताकाची शस्त्रं अडवली. सोव्हिएत रशिया आणि मेक्सिको सोडून फारसं कुणी उघडपणे पाठीशी उभं राहिलं नाही. १९४२च्या आपल्या लेखात खुद्द ऑर्वेलनेच मान्य केलं की निकाल स्पेनबाहेर लागला. शीतयुद्धात १९५२च्या अमेरिकी आवृत्तीपासून ज्यांनी हे पुस्तक साम्यवादाविरुद्धचा सोटा म्हणून वापरलं, त्यांना या लेखाची आठवण क्वचितच झाली.

आणि ब्रिगेडवाल्यांचं स्पेन वेगळं होतं, हेही मान्य करायला हवं. नागपूरचे गोपाळ मुकुंद हुद्दार, राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे पहिले सरकार्यवाह, 'जॉन स्मिथ' नाव घेऊन आंतरराष्ट्रीय ब्रिगेडमध्ये लढले आणि १९३८मध्ये फ्रँकोच्या कैदेत पडले. त्या तुकड्यांतल्या माणसाला कम्युनिस्ट दिसत ते शिस्तीचे, माद्रिद वाचवणारे. ती साक्षही खोटी नाही. फक्त ती माणसं त्या मे महिन्यात पोलिओरामाच्या गच्चीवर नव्हती.

म्हणून १९८६च्या सुधारित आवृत्तीतला बदल मला खटकतो. राजकारणाची दोन प्रकरणं मजकुरातून काढून शेवटी परिशिष्टात टाकली गेली. इच्छा ऑर्वेलचीच होती, हे कबूल. पण वर्तमानपत्रांची कात्रणं समोर ठेवून, आकडे आणि तारखा जुळवत, विरोधकांचं एकेक विधान तो तिथेच खोडतो. वादही होतो तो तिथेच. परिशिष्टात गेल्यामुळे भक्तांना ती प्रकरणं ओलांडून पुढे जाणं सोपं झालं, आणि आक्षेपकांनाही.